बारभाईंचा कारभार चालतो तरी कसा? ओपन सोर्समागची व्यवस्था

लिनक्स ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळा असलेली, ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. या कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर ९-१० आठवड्यांनी निघते. प्रत्येक आवृत्तीत १०,००० हून जास्त बदल असतात आणि ते करणारे लोक २,००० च्या आसपास असतात. ही माणसं वेगवेगळ्या खंडांत राहतात. बाजारात एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर त्यांत असतात, विद्यार्थी असतात, घरचं आवरून रात्री कोड उघडून बसणारे हौशीही असतात. बहुतेकांनी एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकलेला नसतो. सगळ्यांवर हुकूम चालवेल असा साहेब नाही, हजेरीपट नाही, आणि अमुक काम अमुक तारखेला झालंच पाहिजे असं कोणी कोणाला बजावू शकत नाही. तरीही जगातले बहुसंख्य सर्व्हर आणि सगळे अँड्रॉइड फोन याच कर्नलवर चालतात.

एरवी अशा बारभाई कारभाराचा बोजवारा उडायला महिनाही लागला नसता. हा १९९१ पासून चालू आहे. कारण विचारलं की 'उत्तम संवाद' हे उत्तर हमखास मिळतं. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण साधं गणित आहे.

१० जणांच्या गटात दोघादोघांच्या ४५ जोड्या होतात. १०० जणांत त्या ४,९५० होतात आणि २,००० जणांत जवळजवळ २० लाख. म्हणजे माणसं वाढतात त्याच्या कितीतरी पटीने बोलणी वाढतात. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं नेमली तर तो आणखी लांबतो, असं फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं, त्यामागे हेही एक गणित होतं. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं ठरवलं तर प्रत्यक्ष कोड लिहायला कोणी मोकळाच उरणार नाही.

त्यामुळे ओपन सोर्सचं खरं कसब बोलण्याची गरज कमी करण्यात आहे. जे बोलणं टळत नाही ते लिहून करायचं, आणि तेही वाचणाऱ्याचा कमीत कमी वेळ जाईल अशा बेताने. कारण इथे कोड लिहिणारे भरपूर असतात. तो समजून घेऊन 'घेतो' किंवा 'घेत नाही' असं जबाबदारीने सांगणारे मोजके असतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. या जगातले अनेक नियम बाहेरून पाहणाऱ्याला विक्षिप्त किंवा उगाच कडक वाटतात. मेंटेनरचं लक्ष ही सगळ्यात दुर्मिळ गोष्ट आहे हे धरून चाललं की त्यांतल्या बहुतेकांचा अर्थ लागतो.

आधी वाटणी

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं: एखादी संस्था जी प्रणाली बांधते, तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांसारखीच होते. ज्या दोन गटांचं आपसात बोलणं नाही, त्यांनी लिहिलेले भागही एकमेकांपासून सुटेच राहतात. कंपन्यांमध्ये हे निरीक्षण बहुधा तक्रारीच्या सुरात ऐकू येतं. ओपन सोर्सवाले ते उलट बाजूने कामाला लावतात. माणसं लांब आहेतच, तर सॉफ्टवेअरचे भागही असे पाडायचे की त्यांना फारसं बोलावं लागू नये.

कर्नलमध्ये फाइल साठवण्याची व्यवस्था वेगळी, नेटवर्कची वेगळी, आणि प्रत्येक प्रकारच्या उपकरणाचे ड्रायव्हर वेगळे. एका कंपनीचं वायफाय कार्ड चालवणारा कोड लिहिणाऱ्याला मेमरी कशी वाटली जाते यावर चर्चा करावी लागत नाही. ठरलेली फंक्शन्स, म्हणजे कोडचे तयार तुकडे, वापरली की झालं. कोणता भाग कोणाकडे आहे हे कर्नलच्या कोडमध्येच 'मेंटेनर्स' नावाच्या एका लांबलचक फाइलीत लिहिलेलं असतं: भागाचं नाव, सांभाळणाऱ्याचा ई-मेल पत्ता, त्यात येणाऱ्या फाइली. तुम्ही ज्या फाइलीला हात लावला ती दाखवली की 'हे अमक्यांना पाठवा' असं सांगणारी एक छोटी स्क्रिप्टही सोबत आहे. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न 'विचारू कोणाला?' हा असतो. त्याचं उत्तर इथे कोणालाही न विचारता मिळतं.

लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स स्वतः दर आवृत्तीतले हजारो बदल ओळ न् ओळ वाचत नाहीत, आणि वाचू शकणारही नाहीत. नेटवर्क, फाइल सिस्टिम, ग्राफिक्स अशा मोठ्या भागांच्या मेंटेनरांकडून ते तयार गठ्ठे घेतात. त्या मेंटेनरांच्या हाताखाली लहान भागांचे मेंटेनर असतात. विश्वास असा पायरीपायरीने वर जातो आणि प्रत्येक पायरीवर माणसाला आपल्या खालच्या थोड्याच लोकांना ओळखावं लागतं. वीस लाख जोड्यांचा प्रश्न इथे जवळपास मिटतो.

अर्थात भिंती पक्क्या कधीच नसतात. शेकडो फाइलींत वापरलेलं एखादं आतलं फंक्शन बदलायचं झालं की सगळ्यांच्या हद्दीत शिरावं लागतं. त्यावर कर्नलचा नियम सरळ आहे: बदलणाऱ्यानेच ते वापरणारी प्रत्येक जागा दुरुस्त करून द्यायची. बाहेरच्या जगाशी मात्र नेमकं उलट धोरण. काल कर्नलवर नीट चालणारा प्रोग्राम नव्या कर्नलवर बंद पडला तर दोष कर्नलचा, आणि ज्या बदलामुळे तसं झालं तो दुरुस्त करायचा, नाहीतर मागे घ्यायचा. टोरवाल्ड्स या नियमाबद्दल विलक्षण कडक आहेत. बाहेर प्रोग्राम लिहिणाऱ्या लाखो लोकांना कर्नलमध्ये काय शिजतंय यावर रोज नजर ठेवावी लागत नाही, ती या एका वचनामुळे.

गिट: परवानगी नंतर

पूर्वी सामायिक कोड ठेवायची पद्धत अशी होती की एका मध्यवर्ती सर्व्हरवर मूळ प्रत असायची आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार काही जणांनाच असायचा. मग कामाला सुरुवात होण्याआधीच प्रश्न उभा राहायचा की या अनोळखी माणसाला आत घ्यायचं का. ओळख नाही म्हणून अधिकार नाही, आणि अधिकार नाही म्हणून काम दाखवायची नीट सोय नाही.

लिनक्सची मंडळी २००२ पासून बिटकीपर नावाचं, कोडमधले बदल सांभाळणारं, एका कंपनीचं साधन वापरत होती. एप्रिल २००५ मध्ये वाद होऊन त्याचा फुकट परवाना गेला. टोरवाल्ड्स यांनी स्वतःच 'गिट' नावाचा पर्याय लिहायला घेतला आणि काही दिवसांतच तो इतका तयार झाला की गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जून २००५ मधली कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिट वापरून निघाली. जुलैमध्ये त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली आणि ते पुन्हा कर्नलकडे वळले. आपण सुरू केलेली गोष्ट वेळेत दुसऱ्याच्या हाती देणं ही या जगातली दुर्मिळ कला आहे, ते जाता जाता नोंदवतो.

गिटमध्ये प्रत्येकाकडे कोडची संपूर्ण प्रत असते, तिच्या सगळ्या इतिहासासकट. कोणालाही न विचारता तुम्ही आपल्या प्रतीत हवी ती मोडतोड करू शकता. जमलं तर दाखवा, नाही जमलं तर कोणाला कळायचंही कारण नाही. कामाचा प्रत्येक टप्पा 'कमिट' म्हणून नोंदवला जातो आणि कमिटला एक लांब ओळखक्रमांक मिळतो. तो क्रमांक कमिटमधल्या मजकुरावरून आणि त्याच्या आधीच्या कमिटच्या क्रमांकावरून काढलेला असतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या एका ओळीतलं एक अक्षर कोणी गुपचूप बदललं तर तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतात. जगाच्या दोन टोकांच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या आहेत का, हे क्रमांकाची ४० अक्षरं ताडून ठरवता येतं. मध्यवर्ती पहारेकरी लागत नाही.

वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी केलेले बदल गिट आपोआप एकत्र करतं. दोघांनी त्याच ओळी बदलल्या असतील तर ते थांबतं आणि माणसाला निवड करायला सांगतं. कर्नलवाल्यांनी यावरही एक तोड काढली आहे. २००८ पासून 'लिनक्स-नेक्स्ट' नावाची एक प्रत चालवली जाते. तिच्यात सगळ्या मोठ्या मेंटेनरांचं येऊ घातलेलं काम जवळपास रोज एकत्र करून पाहिलं जातं. त्यामुळे टक्कर होणार असेल तर ती आधीच दिसते.

गिटने सांभाळलेला कोड ठेवण्याची गिटहब ही वेबसाइट २००८ मध्ये सुरू झाली. तिथली 'पुल रिक्वेस्ट' याच कल्पनेचं बटण आहे: हे माझ्या प्रतीत केलंय, पाहा आणि योग्य वाटलं तर तुमच्यात ओढून घ्या. परवानगीचा प्रश्न कामानंतर येतो. त्यामुळे माणूस कोण आहे यापेक्षा बदल कसा आहे याकडे पाहता येतं. निदान तशी अपेक्षा असते. ती कुठे फसते ते पुढे येईलच.

एका पॅचचा प्रवास

समजा तुमचा लॅपटॉप झोपेतून उठला की वायफाय बंद पडतं. तुम्ही ड्रायव्हरचा कोड उघडलात, शोधाशोध केलीत आणि तीन ओळी बदलल्यावर ते चालू झालं. या तीन ओळींच्या बदलाला पॅच म्हणतात. आता तो कर्नलमध्ये जायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे तीन ओळींच्या वर पंधरा ओळी मजकूर लिहायचा. अडचण काय होती, ती केव्हा दिसते, कोणत्या जुन्या बदलामुळे आली असावी, आणि हाच उपाय बरोबर का. नवख्यांना हे उलटं वाटतं, कारण कोडमध्ये 'काय' केलंय ते दिसतंच. पण 'का' केलं ते कोडमध्ये दिसत नाही. वाचणारा माणूस तुमच्या शेजारी बसलेला नाही. तो उठेल तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. त्याने एक शंका विचारली आणि तुम्ही उत्तर दिलं की एक दिवस गेला. अर्धवट लिहिलेल्या मजकुराने तीन दिवस जातात. आणि चार वर्षांनी कोणी ती ओळ पाहून 'हे इथे कशाला?' असं विचारेल तेव्हा तुम्ही कदाचित हे क्षेत्रच सोडलेलं असेल.

मजकुराच्या शेवटी तुमच्या नावाने 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी एक ओळ टाकायची. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तिच्यातून तुम्ही जबाबदारीने सांगता. ही प्रथा २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरून, आमचा कोड लिनक्समध्ये शिरला आहे असा दावा केला होता. कोणता तुकडा कोणाकडून आणि कोणाच्या हातून आला याचा माग असायला हवा, हे त्यातून सगळ्यांना कळून चुकलं. प्रत्येक पायरीवरचा मेंटेनर स्वतःची ओळ जोडत जातो, म्हणून पॅच कोणाकोणाच्या हातून गेला ते त्याच्यावरच लिहिलेलं राहतं.

मग पॅच ई-मेलने मेंटेनरकडे आणि त्या भागाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सदस्यांना एकदम ई-मेल पोचवणाऱ्या यादीवर, जातो. माणसाच्या आधी यंत्रं त्याच्यावर तुटून पडतात. एक स्क्रिप्ट मोकळ्या जागा, ओळींची लांबी, कंस वगैरे तपासते. इंटेल चालवत असलेली एक स्वयंचलित व्यवस्था तो निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी बांधून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करून, पाहते आणि काही मोडलं तर परस्पर कळवते. मला ही सोय तांत्रिकपेक्षा सामाजिक जास्त वाटते. कंस कुठे हवा यावरून माणसाशी वाद घातला तर मन दुखावतं. यंत्राने तेच सांगितलं तर आपण मुकाट्याने बदलतो.

नंतर माणसं येतात. तुमच्या पॅचच्या ओळींच्या मधेमधे ती शेरे लिहितात: इथे मेमरी सोडायची राहिली, हे आधीच्या फंक्शनमध्येच व्हायला हवं, याचे दोन पॅच करा. तुम्ही दुसरी आवृत्ती पाठवता आणि पहिलीपेक्षा काय बदललं ते वर लिहिता, म्हणजे वाचणाऱ्याला सगळं पुन्हा वाचावं लागत नाही. तीन-चार फेऱ्या होणं अगदी नेहमीचं. कोणाला पसंत पडला तर तो 'रिव्ह्यूड-बाय' (तपासणारा) म्हणून आपलं नाव देतो, कोणी स्वतःच्या यंत्रावर चालवून 'टेस्टेड-बाय' देतो. हे नाव देणं फुकटचं कौतुक नसतं. पुढे काही बिघडलं तर लोक त्यालाही विचारतात.

आणि पुष्कळदा काहीच येत नाही. शांतता. नवे लोक इथेच सर्वांत जास्त गळतात, कारण उत्तर नाही याचा अर्थ ते नकार असा घेतात. प्रत्यक्षात मेंटेनरच्या ढिगाऱ्यात तुमचा पॅच खाली गेलेला असतो. किमान एक आठवडा थांबा आणि मग सभ्यपणे आठवण करा, असं कर्नलचं मार्गदर्शनच सांगतं. दोन दिवसांत तीनदा टोचलं तर उत्तर येईलही, पण तुम्हाला हवं तसं नाही.

एका पॅचमध्ये एकच बदल, या नियमावर सगळे इतके अडून का बसतात? एक कारण वाचायला सोपं, हे उघड आहे. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. समजा मागची आवृत्ती ठीक होती, नवी बिघडली आणि मधे १०,००० कमिट आहेत. गिटमध्ये 'बायसेक्ट' नावाची सोय आहे. ती तुम्हाला बरोबर मधल्या कमिटवर नेते आणि विचारते, इथे बिघाड आहे का? हो म्हटलं तर आधीचा अर्धा भाग उरतो, नाही म्हटलं तर नंतरचा. पुन्हा त्याचं मधलं. असं निम्मं निम्मं करत १४ चाचण्यांत गुन्हेगार कमिट हाती लागतं. बिघाड ज्याला दिसतो तो यात प्रोग्रामर असायचीही गरज नाही. चाचणी घेऊन 'चालतं' किंवा 'चालत नाही' एवढं सांगता आलं की पुरे. पण सापडलेल्या कमिटमध्ये पाच गोष्टी एकत्र कोंबल्या असतील तर एवढं करूनही प्रश्न तिथेच राहतो. मधलं एखादं कमिट बांधलंच जात नसेल तर चाचणी अडते. म्हणून पॅचची मालिका पाठवताना त्यातला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल नीट बांधलं गेलं पाहिजे, फक्त शेवटचा लावल्यावर नाही, अशी अट असते. आज लिहिणाऱ्याला पडणारा जास्तीचा तास दोन वर्षांनी कोणा अनोळखी माणसाचे कित्येक दिवस वाचवतो.

या प्रवासातला एक भाग अनेक वर्षं वाईट होता, तो म्हणजे भाषा. टोरवाल्ड्स यांच्या शिवराळ उत्तरांचे किस्से लोक चवीने सांगायचे. दर्जा राखायचा तर असं बोलावंच लागतं, असं समर्थनही व्हायचं. मला ते कधीच पटलं नाही, कारण ज्या माणसाला अपमानित करून घालवलं तो उद्याचा रिव्ह्यू करणारा असू शकला असता. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली, आणि कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. त्या काळात ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सूत्रं सांभाळली आणि ऑक्टोबरमध्ये ४.१९ ही आवृत्ती काढली. संस्थापक बाजूला झाला तरी काम थांबलं नाही, हीही व्यवस्थेची एक परीक्षाच झाली.

वेळापत्रक

आवृत्ती 'तयार झाल्यावर' काढायची की ठरल्या तारखेला? वरवर पहिला पर्याय शहाणपणाचा वाटतो. पण तारीख माहीत नसली की प्रत्येक जण आपलं काम यातच जावं म्हणून रेटतो, पुढची संधी केव्हा येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे मेंटेनरवर दाब येतो, अर्धकच्चं काम घुसतं आणि आवृत्ती आणखी लांबते.

कर्नलचं चक्र ठरलेलं आहे. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे नवीन काम आत घेतात. मग दार बंद. पुढे दर आठवड्याला, बहुधा रविवारी, चाचणीची एक प्रत निघते आणि फक्त दुरुस्त्या चालतात. साधारण सातव्या प्रतीनंतर अंतिम आवृत्ती. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टिमच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात आणि त्यांच्या क्रमांकातच वर्ष व महिना असतो. दर तासाला सुटणारी गाडी चुकली तर कोणी डब्यामागे जिवावर उदार होऊन धावत नाही, पुढची घेतो. तेच इथे होतं. 'या वेळी नको, पुढच्या वेळी' असं म्हणणं मेंटेनरला सोपं जातं आणि ऐकणाऱ्यालाही ते फारसं लागत नाही.

थांबण्याची हद्द कुठवर जाऊ शकते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम बनवण्याचं काम, म्हणजे ठरलेल्या क्षणाला ठरलेली कृती होण्याची हमी देणं. हा कोड सुमारे वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर वाढत होता आणि तुकड्यातुकड्याने आत येत होता. शेवटचा मोठा तुकडा २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत आला.

निर्णय कोणाचा

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन १९९९ मध्ये स्थापन झालं, पण त्याच्या पद्धती १९९५ पासून एक वेब सर्व्हर मिळून लिहिणाऱ्या छोट्या गटातून आल्या. तिथे मत द्यायचं ते अधिक एक, शून्य किंवा वजा एक असं. कोडच्या बाबतीत अधिकार असलेल्या एकाच सदस्याचा वजा एक पूर्ण बदल अडवू शकतो, मात्र त्याने तांत्रिक कारण द्यायला हवं. नुसतं 'मला आवडलं नाही' चालत नाही. मतदान सहसा किमान ७२ तास खुलं ठेवतात, म्हणजे पृथ्वीच्या कुठल्याही भागातल्या, नोकरी करून हे काम करणाऱ्या माणसाला ते पाहायला सवड मिळते. रोजच्या किरकोळ गोष्टींसाठी मात्र मतदान नसतं. 'मी असं करतोय' म्हणून लिहायचं आणि कोणी हरकत घेतली नाही तर करून टाकायचं. मौन ही संमती.

तिथला आणखी एक दंडक म्हणजे मेलिंग लिस्टवर जे झालं नाही ते झालंच नाही. एका ऑफिसात बसणाऱ्या दोघांनी जेवताना काही ठरवलं तर ठरवू देत, पण ते लिस्टवर मांडून इतरांना बोलायची संधी दिल्याशिवाय तो निर्णय नव्हे. हे वाचायला काटेकोर वाटतं. पण एकदा का जवळच्यांनी तोंडी ठरवायला सुरुवात केली की लांबचे लोक फक्त निकाल ऐकणारे उरतात, आणि मग हळूहळू येईनासे होतात. गंमत म्हणजे ही मंडळी प्रत्यक्ष भेटतातही. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टिमची डेबकॉन्फ, नोम या डेस्कटॉप प्रकल्पाची ग्वाडेक अशा वार्षिक परिषदा असतात आणि तिथल्या ओळखी वर्षभर ई-मेलमधला कडवटपणा कमी करतात. भेटावं जरूर, ठरवावं मात्र सर्वांसमोर, असा तो प्रकार आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पद्धत मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. भाषेत मोठा बदल हवा असेल तर 'पेप' नावाचा लेखी प्रस्ताव द्यायचा. ही प्रथा २००० पासून आहे. प्रस्तावात बदल काय, कशासाठी, जुन्या कोडचं काय होईल, हे तर लिहायचंच. शिवाय विचारात घेऊन सोडून दिलेले पर्याय आणि ते का सोडले हेही नोंदवतात. फेटाळलेले प्रस्तावसुद्धा तसेच जपून ठेवतात. पाच वर्षांनी कोणी तीच कल्पना नव्या उत्साहाने घेऊन आला की पुन्हा सगळं दळण दळायची गरज नाही, जुना प्रस्ताव वाचायला द्यायचा. संस्थेची आठवण माणसांच्या डोक्यात न ठेवता कागदावर ठेवण्याचा हा मार्ग आहे.

पायथनमध्ये अंतिम शब्द अनेक वर्षं तिचे जनक गुइडो व्हान रॉसम यांचा होता. 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' असं त्यांचं अर्धं गमतीचं पद होतं. पेप ५७२ हा प्रस्ताव एका छोट्या नव्या चिन्हाबद्दल होता, पण त्यावरून इतकी कडाक्याची भांडणं झाली की प्रस्ताव मंजूर केल्यावर, जुलै २०१८ मध्ये, ते पदावरून बाजूला झाले. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग कारभार कसा चालवावा याचेच निरनिराळे पेप लिहिले गेले, त्यांवर मतदान झालं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं संचालक मंडळ निवडून आलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक या मंडळात नसावेत, अशी अट आहे. ज्या गटात प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नोकर एकत्र बसतात, तिथे ही एक ओळ बऱ्याच संशयाचं मूळ कापते.

डेबियनला तर १९९८ पासून लिखित संविधान आहे. दरवर्षी नेत्याची निवडणूक होते आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. 'यांपैकी कोणी नको' हाही पर्याय असतो.

कोणतीही पद्धत असली तरी एक रोग सगळीकडे आहे. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी त्याला 'बाइकशेड' हे नाव रूढ केलं. अणुभट्टीचा आराखडा समितीत पटकन मंजूर होतो, कारण तो कोणाला कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडला कोणता रंग द्यायचा यावर मात्र तासन् तास चर्चा, कारण तिथे प्रत्येकाला मत असतं. फंक्शनचं नाव काय ठेवावं यावर शंभर ई-मेल आणि त्याच फंक्शनमधल्या सुरक्षेच्या प्रश्नावर दोन, असं अजूनही घडतं.

आणि काहीच जमलं नाही तर वेगळं व्हायचं. परवाना मोकळा असल्याने कोणीही सगळा कोड घेऊन नवा प्रकल्प थाटू शकतो, त्याला फोर्क म्हणतात. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस असंच निघालं. २०१४ च्या अखेरीस नोड.जेएस या जावास्क्रिप्ट भाषेतला कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संथ कारभाराला कंटाळून काही प्रमुख लोकांनी आयओ.जेएस काढलं, आणि वर्षभरात नव्या कारभारपद्धतीखाली दोन्ही पुन्हा एक झाले. फोर्क क्वचित होतात, कारण नाव, वापरणारे आणि सवयी मागे सोडून जावं लागतं. पण तो होऊ शकतो एवढी जाणीवही प्रमुखाला जमिनीवर ठेवायला पुरते.

टंचाई कुठे दिसते

मोठ्या प्रकल्पांबद्दल इतकं लिहिल्यावर चित्र फार गोड होतं, म्हणून हेही सांगायला हवं. कर्नलमधले बहुतांश बदल पगारी लोक करतात. त्याच्याभोवतीची हजारो लहान सॉफ्टवेअरं मात्र एखाद-दुसरा माणूस नोकरी सांभाळून चालवत असतो, अक्षरशः लष्कराच्या भाकऱ्या भाजत. वर सांगितलेल्या पायऱ्या, रिव्ह्यू, ७२ तास हे सगळं तिथे एकाच डोक्यात असतं.

एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली. ती ओपनएसएसएलमध्ये होती, म्हणजे वेबवरच्या प्रचंड भागाचं कूटलेखन ज्यावर अवलंबून आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये. चूक असलेला कोड तपासूनच घेतला होता, पण तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ती सुटली आणि आवृत्तीत येऊन दोन वर्षं तशीच राहिली. एवढ्या मोठ्या भाराखाली पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. कोड सर्वांना खुला असला म्हणजे कोणीतरी वाचतच असेल, हे प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून पैसे उभे करून अशा प्रकल्पांना मदत सुरू केली.

२०२४ मधलं एक्सझेड प्रकरण याहून अस्वस्थ करणारं आहे. फाइली लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं आणि ते मुख्यतः एक थकलेला मेंटेनर सांभाळत होता. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ उपयोगी पॅच पाठवत राहिलं. त्याच सुमारास इतर काही नावांनी मेंटेनरवर दबाव येत होता: कामं रखडली आहेत, जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला सोबत घ्या. शेवटी जिया टॅनला आवृत्ती काढण्याचे अधिकार मिळाले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला, तोही चाचणीसाठीच्या फाइलींत दडवून. तो जागा करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. त्यामुळे गिटचा इतिहास कितीही बारकाईने चाळला तरी पूर्ण चित्र दिसलं नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या सोयीने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांसमोर मांडलं.

माणसाकडे न पाहता कामाकडे पाहावं, हे तत्त्व इथे हल्लेखोराने शस्त्र म्हणून वापरलं. त्याने काम चांगलंच दिलं होतं. त्याने खरा हल्ला केला तो एका माणसाच्या थकव्यावर.

आता त्याच दुखऱ्या जागेवर नवा भार आला आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ च्या सुरुवातीपासून जाहीरपणे सांगत आहेत की भाषा-मॉडेलांनी लिहिलेले सुरक्षा-अहवाल त्यांच्या गटाचा वेळ खातात. अहवाल लांब असतो, सभ्य असतो, कोडचे दाखले देतो, आणि त्यातली त्रुटी अस्तित्वातच नसते. पूर्वी एखाद्याने एवढं नीटनेटकं लिहिलंय म्हणजे कष्ट घेतले असणार, असं मेंटेनर अंदाजाने समजायचे आणि लक्ष द्यायचे. ती खूण आता गेली. लिहिण्याचा खर्च जवळपास शून्य झाला, खरं-खोटं तपासण्याचा मात्र होता तेवढाच राहिला. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्येच एआयने लिहिलेल्या कोडला मज्जाव किंवा कडक अटी लावल्या. कर्लने २०२५ मध्ये अहवाल देणाऱ्याला 'यात एआय वापरलं का?' हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याच वर्षी एका संशोधकाने एआय साधनांच्या मदतीने कर्लमधल्या शक्य चुकांची मोठी यादी पाठवली आणि तिच्यातून डझनावारी खऱ्या दुरुस्त्या झाल्या. ती यादी पाठवण्याआधी त्याने स्वतः चाळली होती.